कागदाएवढी फट

मुलाच्या रिमोटवर चालणाऱ्या गाडीतला मोठा गिअर मी पहिल्यांदा बाहेर काढला, तेव्हा त्याच्या एका बाजूचे दहा-बारा दाते वस्तऱ्याने तासल्यासारखे साफ झालेले होते आणि बाकीच्या दात्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. गाडीच्या तळाशी पांढऱ्या प्लॅस्टिकचा चुरा साठला होता. आधले तीन दिवस गाडी उत्तम धावली होती, पहिल्यापेक्षा जास्त वेगाने धावली होती, आणि मग आमच्या सोसायटीमागच्या मुरमाच्या मोकळ्या जागेत एका क्षणी मोटरचा आवाज एकदम चढला, चाके मात्र थांबली. मुलाला वाटले बॅटरी उतरली. बॅटरी पूर्ण भरलेली होती. मोटर आणि चाके यांच्यामधला दुवाच नाहीसा झाला होता.

ती चूक माझी होती. काय चुकले हे समजायला मला बराच काळ लागला, आणि समजले ते इचलकरंजीहून माझे वडील आल्यावर. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. ते अडतीस वर्षे यंत्रमागावर जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करून चालू करणे हे त्यांचे काम. रिमोटची गाडी त्यांनी त्याआधी कधी हातात घेतलेली नव्हती.

आधी गाडीविषयी सांगते. ही मूळ गाडीच्या एकदशांश आकाराची, मागच्या दोन चाकांवर चालणारी ट्रक आहे. मोटरच्या दांड्यावर पिनियन नावाचे लहान पोलादी चक्र बसते आणि त्याच्या दात्यांत अडकून स्पर नावाचे मोठे प्लॅस्टिकचे चक्र फिरते. आमच्या गाडीत पिनियनला 19 दाते होते आणि स्परला 86. मुलाला वेग हवा होता, म्हणून मी 19 दात्यांचे पिनियन काढून 23 दात्यांचे बसवले. दाते वाढले की चक्र मोठे होते आणि मोटर तेवढी मागे सरकवावी लागते. या गाडीतली मोटर तीन मिलिमीटरच्या दोन स्क्रूंनी एका पत्र्याला धरलेली असते आणि पत्र्यातली भोके लांबट असतात, म्हणजे मोटर पुढे-मागे करता येते. मी ती अंदाजाने सरकवली. सहज हाताला येणारा स्क्रू घट्ट आवळला. दुसरा स्क्रू चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कडेआड होता, तिथे अ‍ॅलन की तिरकी लागत होती, तो लागेल तेवढा फिरवून सोडून दिला.

या कामात डोळ्यांचा अंदाज किती अपुरा पडतो, हे आकडे पाहिल्यावर कळते. आमच्या गाडीचे गिअर 48 पिचचे आहेत, म्हणजे चक्राच्या व्यासाच्या दर इंचामागे 48 दाते. मिलिमीटरच्या मापात त्यांचे मोड्यूल, म्हणजे व्यास भागिले दातसंख्या, सुमारे 0.53 येते. अशा दात्याची पूर्ण खोली साधारण 1.2 मिलिमीटर असते. दोन चक्रांच्या केंद्रांमधले अंतर म्हणजे दोघांच्या दात्यांची बेरीज गुणिले मोड्यूल भागिले दोन, म्हणजे 19 आणि 86 साठी 27.8 मिलिमीटर आणि 23 आणि 86 साठी 28.8 मिलिमीटर. पिनियनचा एक दाता वाढवला तर मोटर सुमारे पाव मिलिमीटर मागे न्यावी लागते, आणि तेवढेच पाव मिलिमीटर चुकून जास्त मागे गेले तर दात्याच्या पकडीतला मोठा हिस्सा गेलेला असतो. मग दाता बुडाशी न धरता टोकाशी धरला जातो. दात्याला एका टोकाने भिंतीत रोवलेली लहानशी तुळई मानून त्याच्या ताकदीचे सूत्र अमेरिकन अभियंता विल्फ्रेड लुईस यांनी 1892 मध्ये मांडले आणि गिअर बनवणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. तुळईच्या टोकाला भार टांगला की ती मुळाशी मोडते. आमचा स्पर तसाच मोडला होता.

मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न वेगळा होता. मेश, म्हणजे दोन चक्रांच्या दात्यांची एकमेकांतली पकड, इतके वाईट होते, तर गाडी तीन दिवस चांगली कशी धावली? अडखळली नाही, वेग कमी झाला नाही, झटका बसला नाही. याचे उत्तर दात्याच्या आकारात आहे. आजच्या जवळजवळ सगळ्या गिअरच्या दात्यांच्या कडा एका विशिष्ट वक्ररेषेच्या असतात. वर्तुळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरत उलगडला, तर त्याचे टोक जी रेषा काढते ती ही रेषा. गिअरसाठी ती अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांनी सुचवली. तिचा मोठा गुण असा की दोन चक्रे ठरलेल्या अंतरापेक्षा थोडी लांब किंवा जवळ बसली, तरी त्यांच्या वेगांचे गुणोत्तर यत्किंचितही बदलत नाही. यंत्रे बनवणाऱ्यांवर या गुणाचे मोठे उपकार आहेत, कारण जगात कोणतेही भोक अगदी नेमक्या जागी पाडता येत नाही. पण याच गुणामुळे चूक झाकली जाते. चुकीच्या मेशची गाडी बरोबर वेगाने धावते आणि दाते जाईपर्यंत धावत राहते. धावण्यावरून ती चूक ओळखता येत नाही. ती ओळखायची तर आवाजावरून किंवा स्पर्शावरून.

आवाजाचे पुष्कळ काही मी तेव्हाच शिकले. मेश फार घट्ट असेल तर गाडी जमिनीवरून उचलून थ्रॉटल (रिमोटवरची वेगाची कळ) दिल्यावर करकरीत, घासल्यासारखा सूर निघतो, मोटर लवकर तापते आणि चाक हाताने फिरवले तर ठरावीक जागी अडते. मेश सैल असेल तर थ्रॉटल सोडता-धरताना खडखड येते, कारण दात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पिनियन एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला आदळते. हे ऐकायला शांतता मात्र हवी. मैदानात शेजारी चार मुले ओरडत असतील तर काहीच कळत नाही, म्हणून आता मी ही तपासणी घरात, पंखा बंद करून करते.

आप्पांना हा आवाज ऐकूच येत नाही. मागांच्या शेडमध्ये इतकी वर्षे काढलेल्या माणसांचे कान आधी उंच सुरांना जातात. गोंगाटाने येणारा बहिरेपणा साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. आमच्या गाडीची मोटर 3300 केव्हीची आहे, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला 3300 फेरे. 7.4 व्होल्टच्या बॅटरीवर, ओझे नसताना, हे मिनिटाला 24,000 च्या वर आणि सेकंदाला सुमारे 407 फेरे होतात. पिनियनला 19 दाते असतील तर एका सेकंदात सात हजार सातशेहून जास्त वेळा दात्याला दाता भेटतो, आणि त्याचा सूरही तितक्याच उंच हर्ट्झचा असतो. मी ज्या सुरावर विसंबून होते, तो त्यांच्या ऐकण्याच्या पलीकडचा होता.

मी त्यांना मोडका स्पर दाखवला, नवीन बसवला आणि आवाज कसा ऐकायचा ते मोठ्याने समजावू लागले. त्यांनी मला हाताने थांबवले, गाडी मांडीवर घेतली, डाव्या हाताने पिनियन धरून ठेवले आणि उजव्या हाताचे पहिले बोट स्परच्या कडेवर ठेवून तो अगदी हलके पुढे-मागे केला. मग स्पर थोडा फिरवून पुन्हा तेच. असे त्यांनी सहा-सात ठिकाणी केले.

“कान नको लावू गं, बोट लाव,” ते म्हणाले. “हितं ढिला हाय, आणि हितं धरतोय. चक्कर गोल न्हाई ह्ये.”

चक्र खरोखरच पूर्ण गोल नव्हते. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या चक्रात थोडा तिरकेपणा असतो, आणि ज्या दांड्यावर ते बसते त्याचे बेअरिंग झिजलेले असेल तर डगमग आणखी वाढते. मी नेहमी एकाच ठिकाणी मेश बघून स्क्रू आवळत असे. आप्पांनी सांगितले की चक्र जिथे सर्वांत जास्त घट्ट लागते ती जागा शोधायची आणि तिथे बारीकसा खेळ ठेवायचा, म्हणजे बाकी सगळीकडे तो आपोआप थोडा जास्त राहतो. मागावर ते हेच करत. कापड गुंडाळणाऱ्या यंत्रणेत एक बदलायचे चक्र असते. कापडाच्या एका इंचात बाण्याचे, म्हणजे आडवे, किती धागे बसवायचे, हे त्याच्या दात्यांवर ठरते. कापडाचा माल बदलला की जॉबर ते चक्र बदलतो आणि खाचेतल्या खिळ्यावर पुढे-मागे सरकवून शेजारच्या चक्राशी जुळवतो. माझ्या गाडीच्या लांबट भोकांचे आणि त्या खाचेचे काम एकच. ते घट्ट बसवले तर माग जड चालतो आणि सैल बसवले तर कापडात पट्टे उमटतात. लहानपणी शाळेतून येताना मी शेडच्या दारात उभी राहून त्यांना हे करताना पाहिले होते, पण त्या खडखडाटात ते ऐकून काम करत नसून बोटांनी काम करत होते, हे माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षे गेली.

छंदवाल्यांची कागदाची रीत मी त्यांना दाखवली ती थोडी संकोचाने. साध्या वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोन चक्रांच्या मध्ये धरायची, मोटर दाबून दाते कागदावर बसवायचे, दोन्ही स्क्रू आवळायचे आणि मग चक्र फिरवून पट्टी बाहेर काढायची. वहीचा कागद सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो, तेवढीच फट दात्यांमध्ये राहते. पट्टीवर नागमोडी खूण उमटते. ती स्पष्ट उमटली आणि कागद फाटला नाही, तर मेश बरोबर. कागद कापला गेला तर घट्ट. खूण पुसट असेल तर सैल. आप्पांनी पट्टी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, आणि मला वाटले होते तसे ते हसले नाहीत. “ह्ये बरं हाय. दात्याला अंगात जागा लागती,” एवढेच म्हणाले. फट का लागते, याला कारणे आहेत. चालताना मोटर आणि गिअर तापतात आणि प्लॅस्टिक फुगते. शिवाय स्पर नायलॉनचा असेल तर तो हवेतला ओलावाही शोषतो आणि पावसाळ्यात मापाने किंचित वाढतो. अ‍ॅसिटल जातीच्या प्लॅस्टिकचा असेल तर हा प्रश्न बराच कमी असतो. मे महिन्यात बसवलेले मेश जुलैत पुन्हा बघावे लागते, ते यामुळे.

मेश जुळवणे सोपे, ते टिकवणे अवघड. माझा खरा घात त्या दुसऱ्या, अर्धवट आवळलेल्या स्क्रूने केला. एका स्क्रूवरची मोटर पहिल्या जोरदार थ्रॉटलला त्या स्क्रूभोवती किंचित फिरते, आणि दात्यांची पकड निम्म्यावर येते. म्हणून आता माझ्या पेटीत लांब दांड्याचा गोल टोकाचा अ‍ॅलन ड्रायव्हर आहे, जो त्या कडेआडही पोहोचतो, आणि धातूत बसणाऱ्या स्क्रूंना मी निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव, एक थेंब लावते. तो प्लॅस्टिकला लागू द्यायचा नाही, कारण काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. पिनियनला दांड्यावर धरणाऱ्या बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूचेही तसेच आहे. या जातीच्या मोटरचा दांडा 3.17 मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला एका बाजूने सपाट तासलेले असते. ग्रब स्क्रू त्या सपाट भागावरच बसला पाहिजे. गोलाईवर बसला तर तो सुटतो, पिनियन दांड्यावर सरकते आणि स्परच्या अर्ध्याच रुंदीवर चालू लागते. लुईसच्या सूत्रात दात्याची ताकद रुंदीच्या सरळ प्रमाणात असते, तेव्हा अर्धी रुंदी म्हणजे अर्धी ताकद.

पिच जुळते की नाही, हे तर दुकानातच पाहायला हवे. 32 पिच आणि 0.8 मोड्यूल हे जवळजवळ सारखे आहेत, इतके की पुष्कळ जण ते एकत्र चालवतात. 48 पिच आणि 0.6 मोड्यूल मात्र डोळ्यांना सारखे दिसतात आणि सारखे नसतात. त्यांची जोडी बसते, फिरते आणि थोड्याच दिवसांत एकमेकांना खाऊन टाकते.

मुलाच्या मामाने त्याला पुढे टामिया या जपानी कंपनीची टीटी-02 दिली. 2013 मध्ये आलेली ही चारही चाकांवर चालणारी रस्त्यावरची गाडी आहे. तिच्यात मोटर सरकवण्याची सोयच नाही. पिनियनच्या दातसंख्येप्रमाणे ठरलेली भोके आहेत, आणि योग्य भोकात स्क्रू लावला की मेश आपोआप ठरते. नवशिक्यासाठी ही रचना फार मोलाची आहे, असे माझे मत आहे. तिचे गिअर झाकलेले असतात, म्हणून त्यांना ग्रीस लावायचे. आमच्या ट्रकच्या उघड्या स्परला मात्र मी एक थेंबही तेल लावत नाही. मुरमाची धूळ तेलावर चिकटते आणि तेल-धुळीचा तो लेप दाते घासण्याच्या पेस्टसारखा काम करतो. सुरुवातीला मी प्रेमाने ग्रीस लावले होते. आठवड्यात दात्यांच्या कडा सुरीसारख्या झाल्या.

पोलादी स्पर बसवून हा प्रश्न कायमचा मिटवावा, असे मला त्या काळात फार वाटे. आप्पांचा याला ठाम विरोध होता, आणि आता मला तो पटतो. लहान चक्र पोलादी आणि मोठे प्लॅस्टिकचे ठेवण्यामागे विचार आहे. स्परच्या एका फेऱ्यात पिनियन साडेचार फेरे मारते, म्हणजे पिनियनचा प्रत्येक दाता साडेचारपट काम करतो, म्हणून तो कठीण हवा. स्पर मऊ हवा, कारण कुठेतरी काहीतरी तुटायचेच असेल तर ते स्वस्त आणि हाताशी असलेले तुटावे. स्पर पोलादी केला की झटका तिथे न थांबता पुढे जातो आणि दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या आतल्या लहान तिरक्या चक्रांवर किंवा चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर निघतो, आणि ते उघडायचे म्हणजे अर्धी गाडी खोलायची.

झटका येतो कुठून, याचे उत्तर मुलाच्या अंगठ्यात होते. गाडी उंचवट्यावरून उडाली की तो हवेतही थ्रॉटल दाबून ठेवत असे. हवेत चाकांना ओझे नसते, ती वेडीवाकडी वेगाने फिरतात, आणि जमिनीला टेकताच एका क्षणात मंदावतात. मोटरचा जड फिरता भाग मात्र तितक्या लवकर थांबू शकत नाही, आणि त्याचा सगळा जोर त्या क्षणी पकडीत असलेल्या एक-दोन दात्यांवर येतो. भरधाव गाडीला एकदम उलटा थ्रॉटल दिला तरी हेच होते. टेकण्याआधी थ्रॉटल सोडायचा, हे मी त्याला किती वेळा सांगितले ते मोजता येणार नाही. त्याला ते पटले स्लिपर क्लच पाहून.

स्लिपर क्लच स्परच्या मधोमध असतो. दोन चकत्यांमध्ये घर्षणाची गादी, वर स्प्रिंग आणि एक नट. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चकत्या घसरतात आणि दात्यांवरचा भार तिथेच अडतो. नट पूर्ण आवळला तर क्लच असून नसल्यासारखा. फार सैल ठेवला तर तो सतत घसरून तापतो आणि स्परला आतूनच वितळवतो. मी तो असा जुळवते की उभ्या गाडीला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पहिले अर्धा-पाऊण मीटर क्लच घसरल्याचा बारीक आवाज यावा आणि मग तो थांबावा. आप्पांना ही यंत्रणा समजावावी लागली नाही. आडवा धागा नेणारा धोटा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकला तर धागे तुटू नयेत म्हणून माग दणक्यात थांबतो, आणि त्या दणक्याने मागाचेच भाग ढिले होतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. त्यांनी क्लच बोटांनी घसरवून पाहिला आणि नातवाकडे वळून म्हणाले, “ह्ये सुटतंय, म्हणून ते तुटत न्हाई. आमच्या मागाला असलं असतं तर?” त्यानंतर मुलगा हवेत अंगठा सोडू लागला. माझ्या सांगण्याने जे झाले नाही ते या एका वाक्याने का झाले, याचा मी विचार केला आहे. आजोबांनी त्याला दोष न देता यंत्राची बाजू सांगितली, हे कारण असावे.

बेअरिंगबद्दल थोडे. गाडीबरोबर बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकच्या बुशिंग, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो अशा साध्या नळ्या, आल्या असतील तर त्या आधी बदलाव्यात. बुशिंग झिजली की दांडा तिरका होतो, आणि मग कागदाने कितीही नेटके मेश ठेवा, चालताना ते बदलते. दाता मोडलेला दिसतो, म्हणून आपण दाता बदलतो, आणि आठ दिवसांनी नवा दाताही जातो. माझा दुसरा स्पर असाच गेला. तिसरा बसवण्याआधी आप्पांनी दांडा धरून हलवायला लावला, आणि तेव्हा तो किती डुलतो ते दिसले.

वेगाचा प्रश्न उरला होता. 23 दाते मुलाला सोडवत नव्हते, आणि 19 वर परत जाणे त्याला हार वाटत होती. 23 दात्यांवर गाडी दहा मिनिटे चालवल्यावर मोटरवर बोट टेकवत नसे, आणि तापलेल्या मोटरची उष्णता पिनियनमधून थेट स्परच्या दात्यांत जाते. आप्पांनी मधले 21 सुचवले. त्यांचे दुसरे कारण मला नवे होते. 21 आणि 86 यांना एकाशिवाय कोणत्याच संख्येने एकत्र भाग जात नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता स्परच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. टीटी-02 च्या 22 आणि 70 मध्ये तसे होत नाही. तिथे दोनाने भाग जातो, आणि पिनियनचा एक दाता स्परच्या निम्म्याच दात्यांना ओळखतो. हे गणित त्यांनी शाळेत नाही, मागावर शिकले होते.

कागदाच्या पट्ट्या मी टाकून देत नाही. एका जुन्या वहीत त्या ओळीने चिकटवलेल्या आहेत, प्रत्येकीखाली तारीख आहे. पहिल्या दोन फाटलेल्या आहेत, पुढच्या तीन पुसट. आप्पा परत जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः 21 चे पिनियन बसवले, पट्टी फिरवली, दोन्ही स्क्रू आवळले, कडेआडचा आधी. पट्टी बाहेर आली ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या नागमोडी खुणांची. मुलाने ती वहीत चिकटवून तारीख लिहिली, आणि आप्पांनी त्याच्याकडून पेन मागून घेऊन तारखेखाली, हिशेबाच्या वहीत लिहितात तशा जुन्या वळणाच्या आकड्यांत, लिहिले: 21, 86.